‘रक्तशुद्धी’च्या नावाखाली १८,९०० रुपयांचा चुना

नागपुरातली ‘मोफत तपासणी’ शिबिरं कशी चालतात ते नव्यानं सांगायला नको. माझे नोंदणीचे ५००, पॅकेजचे १४,८०० अन् ‘औषधी तुपा’चे ३,६०० गेले.

कोपरांवर अन् बसायच्या जागी एकाएकी पिवळसर पुटकुळ्या उठल्या होत्या. जागाच अशी की नेहमीच्या डॉक्टरांना दाखवायची लाज वाटली. शिबिरवाला म्हणाला, सावजी खाऊन उष्णता झाली. तेल बंद, फक्त मुगाचं पाणी. पुटकुळ्या खरंच थोड्या बसल्या! मग कोणाचा विश्वास बसणार नाही? तेल बंद झाल्याचा तो गुण. श्रेय गेलं त्याच्या चूर्णाला.

खटकायला हवं होतं ते लॅबमध्ये. पोरानं नळी उजेडात धरली. खाली लाल, वर दुधासारखं पांढरं. “भाऊ, आजच्या आज एमडीला दाखवा.” मी ते नेमकं त्या भामट्यालाच सांगितलं. “बघा, घाण बाहेर येऊन राहिली!” म्हणत त्यानं तुपाचा डबा पुढं सरकवला. रक्तात चरबी मावेना, अन् वर रोज तूप!

पोट धरून ॲडमिट झालो तेव्हा ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, २,३४०. दीडशेच्या आत हवं. शुगर ३६२, स्वादुपिंडाला सूज, बिल ६४,२७०. त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी बघताक्षणी सांगितलं, इरप्टिव्ह झँथोमा. रक्तातली चरबी झिरपून कातडीत साचते. ना लेप लागतो ना लेझर. चरबी अन् शुगर उतरली की काही आठवड्यांत जातात. माझ्या गेल्या.

असं काही दिसलं तर आधी लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या चरबीची तपासणी) अन् शुगर करा. पापणीवर पिवळ्या चकत्या असल्या तरी करा. निम्म्या लोकांचं नॉर्मल निघतं, पण तपासल्याशिवाय कळणार कसं? टाचेमागच्या जाड शिरेवर (रक्ताची नव्हे, स्नायूची) गाठी असतील तर घरच्यांचंही कोलेस्टेरॉल बघा. अन् पावती तिथंच वाचा. माझ्या पावतीवर ‘सौंदर्यसेवा’ लिहिलंय.

ठाण्यात तेवढंच धरून बसले. “पैसे तुम्हीच दिले ना?” औषधांच्या कचेरीत म्हणे डबा सीलबंद आणा. खाल्लेला डबा सीलबंद कुठून आणू? नोंदणी नसताना डॉक्टरकी करणं महाराष्ट्रात १९६१च्या कायद्यानं गुन्हा आहे, हे मी साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, “ठीक आहे, त्या डॉक्टरचा नोंदणी क्रमांक अर्जात लिहा.” अहो, तो नाही हीच तर तक्रार आहे!