पियरट्यूबचा सर्च: अनोळखी पाहुण्यांना दार बंद केल्यावरचे आठ महिने

आमच्या गडकिल्ले ग्रुपचे व्हिडिओ ठेवायला भाड्याच्या छोट्या सर्व्हरवर पियरट्यूब टाकलं. हे यूट्यूबसारखं, पण आपल्याच सर्व्हरवर चालवायचं आणि अशाच इतर सर्व्हरांशी जोडलं जाणारं सॉफ्टवेअर. सर्चच्या सेटिंगमध्ये चालू-बंद करायच्या दोन टिकच्या खुणा असतात: सर्चमध्ये दुसऱ्या सर्व्हरची लिंक टाकून तिथला व्हिडिओ कोणी आणायचा, खातं असलेल्यांनी की लॉगिन न केलेल्यांनीही? मुळात पहिली चालू आणि दुसरी बंद येते. मी शहाणपणा करून दुसरीही चालू केली. म्हटलं, ग्रुपमधले निम्मे लोक खातं काढायचा कंटाळा करतात, त्यांची सोय होईल.

दीड महिन्याने सर्व्हर धापा टाकायला लागला. लॉग, म्हणजे सर्व्हरची नोंदवही, उघडला तर लॉगिन नसलेलं कुणीतरी सर्चमध्ये एकामागून एक लिंका ओततंय. व्हिडिओची फाईल आपल्याकडे येत नाही, हे खरं. पण प्रत्येक लिंकमागे माहिती, थंबनेल, चॅनेल, खातं, वर कमेंटचा ढीग, सगळं आणायला आपलाच सर्व्हर धावतो. म्हणजे पलीकडच्या सर्व्हरला त्रासही आपल्याच नावाने. डेटाबेसमध्ये कुठकुठल्या भाषांतले व्हिडिओ येऊन बसले होते. ते साफ करण्यात एक अख्खा रविवार गेला.

दुसरी खूण काढली आणि त्याच दिवशी शांतता.

गैरसोय आहेच. लॉगिन नसलेल्याने बाहेरची लिंक टाकली की नुसतं 'काही सापडलं नाही' येतं. माणसाला वाटतं लिंकच चुकली. 'आधी लॉगिन करा' एवढं सांगायला काय जातं? मॅस्टोडॉनचा (ट्विटरसारखं, पण असंच जोडलेल्या सर्व्हरांवर चालणारं नेटवर्क) सर्व्हर अशा वेळी लॉगिनशिवाय बाहेरचं शोधता येणार नाही असं स्पष्ट कळवतो. इथे मात्र मलाच फोन येतात.

एक गोष्ट उशिरा कळली. बंदी फक्त नवं आणण्यावर आहे. एकदा आपल्या डेटाबेसमध्ये आलेला व्हिडिओ तीच लिंक टाकून कुणालाही सापडतो, लॉगिन असो वा नसो. आणि ज्या चॅनेलचे व्हिडिओ नेहमी लागतात त्यांना सर्व्हरकडूनच फॉलो करून ठेवलं की नवे व्हिडिओ आपोआप येतात, सर्चची भानगडच नाही. तीन चॅनेल तसे लावल्यावर फोन बरेच कमी झाले.

उरलेल्यांसाठी ग्रुपवर लिंक पडते, खाली 'दादा, आणा की'. मी लॉगिन करतो, सर्चमध्ये चिकटवतो, एंटर. 'आला, बघा.'