हातभर दोरा: फ्लॉसच्या डबीचा चार महिन्यांचा अनुभव

दातांत अडकलेले काढण्यासाठी आर्वी तालुक्यातील आमच्या गावात फड्याची काडी, आगपेटीची काडी किंवा बायकांच्या बांगडीतली सेफ्टी पिन हीच साधने पूर्वापार चालत आली आहेत. मीही त्याला अपवाद नव्हतो. दाढांच्या फटींत वारंवार ठणका लागू लागल्यावर मात्र दंतवैद्यांच्या सांगण्यावरून मी तालुक्याच्या ठिकाणी जाऊन फ्लॉसची डबी आणली. ‘दाताचा दोरा’ म्हटल्यावर मेडिकलवाल्याने आधी कापसाची गुंडाळी पुढे केली आणि नंतर मागच्या कप्प्यातून ही धुळीने माखलेली डबी काढून दिली.

डबी मुठीत मावते आणि तिच्यात मेणाचा थर दिलेला ५० मीटर नायलॉनचा दोरा असतो. एका वेळेस सुमारे ४५ सेंटिमीटर, म्हणजे कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत हातभर दोरा लागतो. या हिशेबाने एका माणसाला ती जवळपास ११० दिवस पुरते. मला ती दीडशे रुपयांच्या आत मिळाली, तेव्हा रोजचा खर्च दीड रुपयाहूनही कमी पडतो. एका खर्र्याच्या, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या पुडीच्या, पैशांत आठवडाभराचा दोरा येतो, हे गणित मी चौकातल्या पानठेल्यावर मांडून पाहिले. ते कोणालाच आवडले नाही.

माझी मुख्य तक्रार दोऱ्याविषयी नसून त्यासोबतच्या सूचनांविषयी आहे. त्या इंग्रजीत आणि इतक्या बारीक अक्षरांत छापलेल्या आहेत की चष्मा लावूनही उपयोग होत नाही. परिणामी पहिल्या रात्री मी दोरा दोन दातांमध्ये धरून जोराने खाली दाबला, तो कट्‌कन घसरून हिरडीत रुतला आणि रक्त आले. अंगणातून आईने विचारले, “काऊन रे, दात शिवून रायला का?”

पुढे दंतवैद्यांनी आरशासमोर उभे करून जी पद्धत दाखवली, तिच्यात जोराला जागाच नाही. दोऱ्याचा बराचसा भाग एका हाताच्या मधल्या बोटाला आणि थोडा दुसऱ्या हाताच्या मधल्या बोटाला गुंडाळायचा, मध्ये दोन बोटे रुंदीचा दोरा ताणून ठेवायचा आणि वरच्या दातांसाठी अंगठ्यांनी, खालच्यांसाठी तर्जनींनी त्याला दिशा द्यायची. फटीत उतरताना तो हलकेच मागेपुढे सरकवत न्यायचा. त्यानंतरची क्रिया महत्त्वाची: दोरा एका दाताच्या बाजूला कमानीसारखा वळवून चिकटवायचा, हिरडीच्या कडेखाली अडेल तिथपर्यंतच अलगद न्यायचा आणि दाताला घासत तीन-चार वेळा वरखाली करायचा. मग हिरडीच्या टोकावरून उचलून त्याच फटीतील दुसऱ्या दाताला तसाच वळसा घालायचा आणि पुढच्या फटीसाठी बोटावरून कोरा दोरा सोडायचा. शेवटच्या दाढेची मागची बाजू बहुतेक जण विसरतात. तिथेही तो फिरवावा.

एवढा खटाटोप कशासाठी, तर फक्त तुरीच्या डाळीचे टरफल किंवा भरतातले वांग्याचे बी काढण्यासाठी नव्हे. ते काम काडीही करते. दोन दातांच्या मधल्या बाजूंवर जंतूंचा जो चिकट थर साचतो, तिथे ब्रशचे केस पोहोचत नाहीत. तो थर मऊ असेपर्यंत दोऱ्याने निघतो; लाळेतील क्षारांनी त्याचे कीटण झाले की दंतवैद्यांच्या अवजारांशिवाय सुटत नाही. त्यामुळे खर्रा खाणाऱ्यांच्या दातांवरील जुने कीटण या डबीने जाईल, अशी आशा कोणी बाळगू नये.

हळू हाताने दोरा फिरवला तरी पहिला आठवडाभर हिरड्यांतून थोडे रक्त येत होते, दुसऱ्या आठवड्यात ते थांबले. थांबले नसते तर दाखवायला जावे लागले असते. आईच्या हिरड्या उतरून फटी रुंद झाल्या आहेत, तिच्यासाठी हा दोरा निरुपयोगी ठरला. तिला फटींत फिरवण्याचा बारीक ब्रश सोयीचा पडतो. धनुष्याच्या आकाराच्या प्लॅस्टिकच्या काड्याही मी वापरून पाहिल्या. त्या झटपट आहेत, परंतु त्यांतला आखूड, ताठ दोरा दाताभोवती नीट वळत नाही आणि एकच तुकडा सगळ्या फटींतून फिरत राहतो.

डबीतला दोरा किती उरला आहे हे बाहेरून दिसत नाही, हा आणखी एक दोष; माझा तो ऐन पोळ्याच्या रात्री संपला. झाकणातील पोलादी दात मात्र चार महिन्यांनंतरही दोरा स्वच्छ कापतो.

उजवीकडच्या खालच्या दोन दाढांमध्ये दोरा रोज त्याच जागी विसकटून तुटत असे. मी दोष दोऱ्याला देत होतो, म्हणून दुसरी डबीही आणली. तीही तिथेच अडली. शेवटी दंतवैद्यांना दाखवले, तेव्हा दाढेतल्या जुन्या भरणीची (फिलिंगची) कड बाहेर आल्याचे आढळले. त्यांनी ती घासून गुळगुळीत केली आणि त्या रात्रीपासून दोरा तिथून अखंड बाहेर येऊ लागला.