लॅपटॉपमध्येच असलेला हॉटस्पॉट मी ४२,९९७ रुपयांना विकत घेतला

मी गिरगावात एका वाडीत तळमजल्यावर राहते. घरून डीटीपीचं काम करते. लग्नपत्रिका, मंडळांचे अहवाल, दिवाळी अंकांची पानं, मिळेल ते. बावीस वर्षं रोज आठ-दहा तास कॉम्प्युटरसमोर बसतेय. हे आधी सांगून टाकते, कारण अशा फसवणुकीच्या बातम्या वाचताना "बिचाऱ्यांना कॉम्प्युटरमधलं काही कळत नसेल" असं मीच म्हणायचे. त्यात आमच्या वाडीपासून लॅमिंग्टन रोड चालत पंधरा मिनिटांवर. अख्खी मुंबई कॉम्प्युटरचं सामान घ्यायला जिथे येते, त्याच्या इतक्या जवळ राहून मी मदत मागितली ती इंटरनेटवर सापडलेल्या एका नंबरवर.

गोष्ट २०२३ च्या जुलैमधली. आमच्याकडे केबलवाल्याची इंटरनेटची वायर थेट लॅपटॉपमध्ये जाते. राउटर नव्हता, कधी गरजही पडली नाही. पण सासूबाई घसरून पडल्या आणि आतल्या खोलीत खाटेवर अडकल्या. दिवसभर करायचं काय? त्यांना कीर्तन ऐकायचं असतं. मी काम करताना माझा फोन त्यांच्या हातात द्यायचे. आतल्या खोलीत कॉल-मेसेज कसेबसे येतात, मोबाइलचं नेट मात्र अजिबात चालत नाही. बुवा तोंड उघडून थांबलेले आणि मध्ये ते गोल चक्र फिरतंय. सासूबाई म्हणायच्या, "निरूपण नको, आधी ह्याला मोकळं कर."

केबलवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "वहिनी, राउटर घ्या. बाराशे-तेराशेत येईल. मी आपल्याकडे मॅक बदलून देतो." आमच्याकडचे केबलवाले एका कनेक्शनवर एकच मशीन ओळखतात, त्या मशीनचा मॅक ॲड्रेस, म्हणजे ओळखक्रमांक, त्यांच्याकडे नोंदलेला असतो. म्हणून वायर काढून दुसऱ्या कशात घातली की नेट बंद. मी हिशेब केला, बाराशे कशाला घालवा? लॅपटॉपला वायफाय आहेच. वायरमधून नेट घेऊन लॅपटॉपनेच ते हवेतून फोनला दिलं तर?

कल्पना अगदी बरोबर होती.

एक जुना व्हिडिओ बघितला. कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत दोन ओळी टाकायच्या आणि 'होस्टेड नेटवर्क', म्हणजे लॅपटॉपचं स्वतःचं वायफाय, सुरू करायचं, असं त्यात होतं. विंडोज ७ च्या जमान्यातली ही युक्ती, तेव्हा ती चालायची. माझ्या विंडोज १० वर मात्र उत्तर आलं की होस्टेड नेटवर्क सुरू होऊ शकत नाही. कारण मला नंतर कळलं. नव्या वायफाय कार्डांच्या ड्रायव्हरमधून, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधून, बऱ्याचदा ती जुनी सोय काढून टाकलेली असते, तिच्या जागी दुसरी पद्धत आलेली आहे. म्हणजे लॅपटॉप ठणठणीत होता, व्हिडिओ शिळा होता. मला वाटलं लॅपटॉपच बिघडला. त्या इंग्रजी एररची ओळ तशीच शोधून बघितली, तर सगळ्यात वर एक पान. निळी खिडकी, हेडफोन लावलेली हसरी मुलगी आणि टोल फ्री नंबर.

आमचे हे रात्रपाळीचे, दिवसा झोपलेले असतात. त्यांचा फोन घेऊन बाहेरच्या खोलीत बसले आणि नंबर लावला. पलीकडचा माणूस आधी हिंदीत बोलत होता. माझं हिंदी ऐकून दुसऱ्याच वाक्याला म्हणाला, "ताई, तुम्ही मराठी का? मी पण साताऱ्याचा." इथे मी निम्मी फसले. मुंबईत हेल्पलाइनवर कुणी मराठीत बोललं की आपल्याला माहेरचं माणूस भेटल्यासारखं होतं. असो.

त्याने दुसऱ्याचं मशीन दुरून चालवता येतं तसं एक ॲप लॅपटॉपवर टाकायला लावलं. अशी ॲप खरीच असतात, कंपन्यांतले लोक रोज वापरतात, त्यामुळे त्यातही मला काही खटकलं नाही. मग म्हणाला, "नेट लॅपटॉपकडून फोनला द्यायचंय ना, मग दोन्हीकडे ॲप लागेल." आता हे वाक्य परत वाचून बघा. किती सरळ वाटतं! काम दोन यंत्रांचं, तर ॲप दोन्हीवर. मी फोनवरही टाकलं, मागितल्या त्या सगळ्या परवानग्या दिल्या आणि फोन सासूबाईंच्या हातात परत नेऊन दिला.

त्याने आधी इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची स्वतःची नोंदवही, उघडून लाल खुणांची लांबलचक यादी दाखवली आणि "वायफाय करप्ट आहे" असं सांगितलं. तुमच्या मशीनवर आत्ता ती यादी उघडलीत तर तिथेही अशा खुणा दिसतील. चांगल्या चालणाऱ्या मशीनवरही त्या असतात. मग म्हणाला, "ताई, आता स्क्रीन काळी होईल, घाबरू नका, लायसन्स बसतंय." स्क्रीन काळी झाली. तीनेक मिनिटांनी परत आली, आणि फोनवर 'प्रीमियम हॉटस्पॉट' नावाचं वायफाय दिसायला लागलं. त्याने दिलेला पासवर्ड टाकला. आतून बुवांचा आवाज आला, एकदाही न अडखळता. सासूबाईंनी तिथूनच हात जोडले.

मी १,४९९ रुपये भरले. यूपीआयवर कंपनीचं नाव नव्हतं, कुणा माणसाचं होतं. मी विचारलंसुद्धा. "आमच्या अकाउंटंटचं खातं आहे, ताई." मी मान डोलावली. त्याने नुसत्या थापा मारल्या असत्या तर मी शंभर प्रश्न विचारले असते. त्याने काम करून दाखवलं. फसवणारा माणूस काम करून देत नाही अशी माझी समजूत होती, आणि माझे पैसे गेले ते त्या समजुतीपायी.

रात्री लॅपटॉप बंद करून झोपले. सकाळी वायफाय गायब. फोन केला तर म्हणाला, "ती एक दिवसाची ट्रायल होती ना. वर्षाचा प्लॅन घ्या, २,९९९." मी कुरकुरले, पण भरले. सासूबाईंच्या तोंडावरचा कालचा आनंद डोळ्यांसमोर होता आणि आदल्या दिवसाचे दीड हजार फुकट जातील ही भीतीही होती. परत काळी स्क्रीन, परत वायफाय. आता लॅपटॉप बंद करायचा नाही, "लायसन्स बसू द्या आठवडाभर", अशी सूचना. मी चार दिवस लॅपटॉप चालू ठेवला, विजेच्या बिलाकडे बघत.

पाचव्या दिवशी फोन घेऊन भाजीला गेले, तासाभराने आले, तर वायफाय पुन्हा नाही. आता मात्र डोकं फिरलं. नंबर लावला आणि म्हटलं, मला काही नको, माझे साडेचार हजार परत द्या.

तो जरासुद्धा चिडला नाही. "तुमचं बरोबर आहे, ताई. पूर्ण रिफंड देतो." त्याने हॉटस्पॉट चालू करून दिला, फोन सासूबाईंकडे गेला, कीर्तन सुरू. मग म्हणाला, "नेट बँकिंग उघडा, म्हणजे पैसे आलेले तुम्हालाच दिसतील." पासवर्ड त्याने मागितला नाही. मीच टाकला, माझ्याच हाताने. लॉगिन झालं आणि स्क्रीन काळी झाली. तो गप्पा मारत होता. साताऱ्यात पाऊस किती झाला, कास पठारावर फुलं कधी येतात वगैरे.

तेवढ्यात आतून सासूबाईंची हाक आली. "अगं, मी हात लावला नाही तरी हा फोन आपोआप सरकतोय. भुताटकी झाल्यासारखा."

मी धावले. मेसेजची खिडकी उघडी होती, ओटीपी दिसत होते आणि स्क्रीन स्वतःच वर-खाली होत होती. ॲप बंद करायला गेले तर हाताखालून निसटत होतं. बाहेर आले आणि लॅपटॉपला लावलेली इंटरनेटची वायर ओढून काढली.

त्या एका वायरीने दोन्ही यंत्रं एकदम तुटली. फोनला नेट लॅपटॉपकडूनच येत होतं, आणि आतल्या खोलीत मोबाइलचं नेट चालत नाही. त्या खोलीतल्या भिंतींना मी इतकी वर्षं नावं ठेवली, त्या दिवशी त्यांनीच उरलेली शिल्लक वाचवली. तोवर १९,९९९ आणि १८,५०० असे दोन व्यवहार झाले होते, ऑनलाइन खरेदी म्हणून. आधीचे धरून ४२,९९७. ह्यांच्या फोनवर तो अजून लाइनवर होता. "ताई, नेट गेलं का तुमचं? वायर बघा जरा."

१९३० हा सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर मला माहीत होता तो फक्त लोकलमधल्या जाहिरातीमुळे. ओट्यावर उभं राहून लावला. त्यांनी व्यवहारांचे क्रमांक, वेळ, बँक एवढंच विचारलं आणि तक्रार क्रमांक दिला. म्हणून व्यवहारांचे बँकेचे मेसेज रागाच्या भरात पुसू नका. तोच क्रमांक घेऊन बँकेत आणि पोलीस ठाण्यात गेले. तक्रारीत माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६(ड) आलं, कॉम्प्युटरच्या आधारे दुसरंच कुणी असल्याचं भासवून फसवल्याचं. बँकेने रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक पुढे केलं. ग्राहकाच्या स्वतःच्या चुकीने पैसे गेले तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. दूरचालक ॲप मीच टाकलं, लॉगिन मीच केलं, म्हणून चूक माझी. वाद घातला, उपयोग झाला नाही. पण त्या नियमाचा दुसरा भाग महत्त्वाचा आहे. उशीर आपल्याला महाग पडतो. नवऱ्याला काय सांगू, या विचारात मी ओट्यावर दहा मिनिटं नुसती उभी होते. ती दहा मिनिटं आजही छळतात.

संध्याकाळी वरच्या मजल्यावरचा डिप्लोमाचा मुलगा आला. त्याला सगळं सांगितल्यावर तो हसला नाही, याबद्दल मी त्याची कायमची ऋणी आहे. दोन्हीकडचं ते ॲप काढल्यावर त्याने सेटिंग्ज उघडलं, नेटवर्क अँड इंटरनेटमध्ये गेला, तिथे डावीकडे लिहिलं होतं, मोबाइल हॉटस्पॉट. कुठलं कनेक्शन वाटायचं तिथे इथरनेट, म्हणजे वायरचं नेट, खाली नाव आणि पासवर्ड, वर एक बटण. २०१६ च्या ऑगस्टमध्ये आलेल्या ॲनिव्हर्सरी अपडेटपासून ही सोय विंडोज १० मध्ये आहे, फुकट, आठ यंत्रांपर्यंत जोडता येतात. "काकू, त्याने इथे फक्त नाव बदलून 'प्रीमियम हॉटस्पॉट' केलंय." माझा विश्वास बसेना. मग त्याने फोन जोडून वायफायची माहिती उघडून दाखवली. गेटवेचा, म्हणजे फोन ज्याच्यामार्फत नेटवर जातो त्या यंत्राचा, पत्ता १९२.१६८.१३७.१. विंडोज स्वतःचं नेट दुसऱ्याला वाटतं तेव्हा स्वतःला एरवी हाच पत्ता लावून घेतं. त्याच्या लॅपटॉपवरही तोच आला. लायसन्स वगैरे काही नव्हतंच.

आणि ती 'ट्रायल'? लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू केला की हॉटस्पॉट आपोआप चालू होत नाही, बटण परत दाबावं लागतं. भाजीला गेले तेव्हा काय झालं? एकही यंत्र जोडलेलं नसेल तर वीज वाचवायला हॉटस्पॉट पाच मिनिटांत स्वतःहून बंद होतो. ती सेटिंग तिथेच खाली आहे. यंत्र अगदी नियमाप्रमाणे वागत होतं, आणि त्याच्या प्रत्येक नियमाचं तो माणूस मला बिल लावत होता.

स्क्रीन काळी का करायची तेही मग उमगलं. तीन मिनिटं कशाला, ते बटण दाबायला दहा सेकंदही लागत नाहीत. ते मला दिसलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं.

लॅपटॉप फॉरमॅट केला. सगळे पासवर्ड नणंदेच्या फोनवरून बदलले, माझ्या एकाही यंत्रावरून नाही. शनिवारी लॅमिंग्टन रोडला गेले आणि १,२५० चा राउटर घेऊन आले. केबलवाल्याने दोन मिनिटांत मॅक बदलून दिला आणि चहासुद्धा घेतला नाही.

दुसऱ्या व्यवहारातले ११,२०० रुपये एका खात्यात गोठवलेले सापडले. ते सुटायला कोर्टाचा आदेश लागेल असं तेव्हा सांगितलं, अर्ज केलाय. बाकीचे पुढच्या पुढे कुठे गेले ते कुणाला सांगता येत नाही. माझ्या फोनमधल्या जुन्या वायफायच्या यादीत 'प्रीमियम हॉटस्पॉट' अजून आहे. पुसायला गेले होते, तर सासूबाई म्हणाल्या, "राहू दे गं. पोलिसांनी विचारलं तर दाखवायला होईल." म्हणून तेवढं ठेवलंय.