कोकणातल्या घरासाठी ओलेड की मिनी-एलईडी?

55 इंची टीव्ही घ्यायचं ठरलंय, पैशांची जुळवाजुळव झालीय आणि आता गाडी ओलेड की मिनी-एलईडी या पडद्याच्या दोन प्रकारांवर अडलीय, अशांसाठी हे लिहितोय. आम्ही गुहागरकडचे. घरी मिनी-एलईडी घेतला. भावाकडे डोंबिवलीला ओलेड आहे आणि तिथे गेलो की रात्री उशिरापर्यंत त्याच्यासमोर बसणं होतंच. मोजमापं काही घेतलेली नाहीत. डोळ्यांना जे दिसलं आणि घरात वापरताना जे जाणवलं, तेवढं सांगतो.

आधी एक कबूल करायला हवं. दिवे मालवून बसलात तर ओलेडला तोड नाही. त्याचा प्रत्येक पिक्सेल, म्हणजे चित्राचा बारीक ठिपका, स्वतंत्र विझतो, त्यामुळे काळं ते काळंच. मिनी-एलईडीत मागचे दिवे गटागटाने लागतात-विझतात. काळ्या पडद्यावर पांढरी सबटायटल्स आली की आमच्याकडे अक्षरांभोवती धुरकट वलय दिसतं. गट जास्त असतील तर ते कमी होतं, पुरतं जात नाही. आणखी एक म्हणजे, कडेने बघणाऱ्याला रंग जरा फिके वाटतात. गणपतीत घर भरलं आणि अर्धी मंडळी भिंतीला टेकून बसली की हे चांगलंच कळतं.

दिवसा मात्र पारडं फिरतं. आपली घरं सकाळपासून उघडी. समोरचं दार, पडवी, पलीकडे खळं, आणि खळ्यातल्या उन्हाची तिरीप थेट टीव्हीवर. भावाकडे पडदे ओढले की काम झालं. इथे दार लावून मॅच बघायची कुणाला सवय नाही. त्या उजेडात मिनी-एलईडीचं चित्र स्वच्छ दिसतं. ओलेडही आता पूर्वीपेक्षा बरेच उजळ आलेत म्हणा, पण भावाचा टीव्ही आमच्या पडवीसमोर ठेवला तर दुपारी अंधाऱ्या प्रसंगात आपलेच चेहरे त्यात दिसतील असं मला वाटतं.

तरी माझा निर्णय या कशानेच झाला नाही. तो झाला पिन काढण्यावरून.

मे सरताना वळवाचा पाऊस आणि पुढे ऑक्टोबरात परतीचा, या दोन्ही वेळी दुपार कलली की सह्याद्रीच्या अंगाने ढग चढतात. पहिला गडगडाट ऐकला की आई हातातलं काम टाकून आधी टीव्हीची पिन उपसते, मग राउटरची. नुसतं बटण बंद करून भागत नाही. बटण फेज तोडतं, न्यूट्रल जोडलेलीच राहते आणि लाइनवर आलेला झटका तिथूनही आत शिरू शकतो. आमच्या वाडीत विजेने गेलेले टीव्ही सगळ्यांनी पाहिलेत, त्यामुळे ही सवय सुटणार नाही आणि सुटूही नये. एकदा काढलेली पिन बहुतेकदा दुसऱ्या दिवशी सकाळीच लागते.

ओलेडला नेमकं हेच मानवत नाही. त्याचे पिक्सेल वापराने झिजतात आणि सगळे सारखे झिजत नाहीत. म्हणून साधारण 4 तासांचा वापर साठला की, रिमोटने बंद केल्यावर, तो स्टँडबायमध्ये काही मिनिटं स्वतःची डागडुजी करून घेतो. त्यासाठी पिन लागलेली हवी आणि लाइट असायला हवी. पावसाळ्यात आमच्याकडे या दोन्ही गोष्टींचा भरवसा नाही. त्यात बाबांचं न्यूज चॅनल सकाळपासून चालू. खाली तीच लाल पट्टी, कोपऱ्यात तोच लोगो. म्हणजे डागडुजीची गरज सगळ्यात जास्त जिथे, तिथेच ती हुकणार.

एखादी पाळी चुकली म्हणून पॅनल बिघडत नाही, पुढच्या वेळी तो ते काम उरकतो, असं जाणकार म्हणतील आणि त्यात तथ्य आहे. नवे पॅनल टिकाऊही झालेत. पण एवढे पैसे जास्त मोजून आणलेल्या वस्तूची पिन काढताना दर वेळी मनात चुकचुक नको. पडद्यावर कायमचा उमटलेला लोगो वॉरंटीत बहुधा धरत नाहीत, तेव्हा अटी वाचून घ्या. मिनी-एलईडीची पिन आई खुशाल काढते, त्याला फरक पडत नाही.

खारी हवा, मुंग्या, पाली यांचा त्रास दोघांना सारखाच. जांभ्याच्या भिंतीत ड्रिल मारलं की भोक भसाभस मोठं होतं आणि पावसात भिंतीला ओल येते ती वेगळीच, त्यामुळे कुठलाही घेतलात तरी टेबलावर, भिंतीपासून चार बोटं सोडून ठेवा. ओलेडचा पॅनल फार पातळ, तो गाडीतून आडवा झोपवून आणू नका.

22 सप्टेंबर 2025 पासून 32 इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला. महाग वस्तूवर सूट रुपयांत जास्त दिसते, म्हणून ओलेडचा मोह वाढलाय, हे मलाही दिसतं. तुमची टीव्हीची खोली आतली, अंधारी असेल, घरात सिनेमेच जास्त बघत असतील आणि पिन काढायची वेळ क्वचित येत असेल, तर ओलेड जरूर घ्या. भावाला मी तोच घ्यायला सांगितलं असतं.

बाकीच्यांनी चिपळूणला किंवा रत्नागिरीला दुकानात गेल्यावर ‘क्यूएलईडी’ या नावावर जाऊ नये. तो मुळात एलसीडीच, म्हणजे मागच्या दिव्यांनी उजळणारा पडदा. मागे मिनी-एलईडीचे दिवे आहेत का आणि त्यांचे गट किती, हे विचारा. डेमोचे भडक व्हिडिओ बंद करून न्यूज चॅनल लावायला सांगा. घरी आणल्यावर इंटरनेट वायफायनेच जोडा. फायबरच्या काचेतून वीज येत नाही, पण राउटर ते टीव्ही ही तांब्याची लॅन केबल असेल, तर गडगडाटात आईला तीही काढावी लागेल.