सिजविकची पत्रं: मजकूर पैसा वसूल, छपाई मात्र बोगस

आधीच सांगतो, पुस्तक मी चुकीच्या कारणासाठी मागवलं. यूपीएससीच्या एथिक्सची तयारी चालू होती (जनरल स्टडीजचा चौथा पेपर, २५० मार्क), नोट्समध्ये हेन्री सिजविक ह्या एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज नीतितत्त्वज्ञाला एका ओळीत उरकलेलं, म्हटलं मूळ माणूसच वाचू. तो गेला १९०० साली, आणि १९०६ मध्ये त्याच्या बायकोने आणि भावाने मिळून त्याची पत्रं, डायरी वगैरे घालून जाडजूड चरित्र काढलं, त्याची रीप्रिंट ऑनलाइन साडेअकराशेला घेतली. पेपरसाठी उपयोग शून्य. पण सोडवत नाही हो, दोन महिने तेच वाचून राहिलो.

म्हणजे प्रकरण असं आहे की केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात फेलो (म्हणजे कॉलेजचा पगारी सदस्य) व्हायचं तर चर्च ऑफ इंग्लंडची, म्हणजे तिथल्या सरकारी चर्चची, श्रद्धेची ३९ कलमं मान्य आहेत असं म्हणावं लागायचं. हा १८५९ ला फेलो झाला आणि मग ख्रिस्ती धर्मावरच शंका यायला लागल्या. आपण फॉर्मवर ‘वरील माहिती खरी आहे’च्या खाली न वाचता सही ठोकतो, ह्या माणसाने त्या एका गोष्टीवर दहा वर्षं डोकं खाल्लं स्वतःचं. बायबलचा इतिहास मुळातून तपासायचा म्हणून अरबी आणि हिब्रू शिकायला बसला, त्यात काही वर्षं गेली, तरी उत्तर मिळालं नाही. डेकिन्स नावाच्या मित्राला लिहिलेल्या पत्रांत ही सगळी घालमेल आहे, पुस्तकातला सर्वात जिवंत भाग हाच. शेवटी १८६९ मध्ये राजीनामा. बाबांना सांगितलं तर म्हणाले, ‘कायम नोकरी सोडली? कायले?’ (कॉलेजने त्याला लेक्चरर म्हणून ठेवून घेतलं, आणि १८७१ मध्ये कायद्याने ती अटच काढून टाकली. दोन वर्षं थांबला असता तर!) वरून सख्ख्या बहिणीचा नवरा बेन्सन, जो पुढे कँटरबरीचा आर्चबिशप झाला. घरातच एवढा मोठा पाद्री, विचार करा.

आता माझी तक्रार. दीक्षाभूमीच्या गावात राहणाऱ्याला धर्म सोडणं म्हटलं की १९५६ चा १४ ऑक्टोबर दिसतो, बाबासाहेबांसोबत लाखो लोक, सगळं उघड्यावर. हा गडी एकटाच बाहेर पडतो आणि दुसऱ्याला ‘तू पण ये’ म्हणायला तयार नाही, कारण लोकांची श्रद्धा गेली तर समाजाचं नुकसान होईल अशी त्याला भीती. म्हणजे खरं तुला कळलं, बाकीच्यांनी तसंच राहायचं? त्या पानांवर मी पेन्सिलने भांडलोय.

पण धर्मावर राग धरून लिहीत नाही, हे मानावं लागेल. १८८६ चं त्याचं नीतिशास्त्राच्या इतिहासाचं छोटं पुस्तक आहे (मूळ ब्रिटानिका कोशातला लेख), ते सोबत वाचा. ग्रीकांचा प्रश्न होता माणसाचं भलं कशात, ख्रिस्ती धर्माने नीतीला देवाने दिलेल्या लेखी कायद्याचं रूप दिलं आणि त्याच वेळी मन आतून शुद्ध पाहिजे हेही धरून ठेवलं, हे तो इतकं थंड डोक्याने मांडतो की लिहिणारा ह्याच धर्मातून बाहेर पडलाय हे विसरायला होतं.

छपाईबद्दल काय बोलावं. जुन्या प्रतीचं स्कॅन करून सरळ छापलंय, कडेचे शब्द कापलेले, तळटिपांवर काळे डाग, एक पान दोनदा आणि त्याच्या पुढचं गायब. नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) लागला तसा बाइंडिंगचा गोंद सुटला, कूलरसमोर ठेवलं तर पानं फुगली. विकणाऱ्याला फोटो पाठवले, उत्तर आलं की रिटर्नची मुदत संपली. नागपूरच्या महाल भागात एका बाइंडरकाकांकडे दोरा मारून घेतला, १५० रुपये, आता सहाशेच्या वर पानं उघडून सपाट राहतात. काकांना पाच स्टार, सिजविकला चार, ह्या प्रतीला एक. जुन्या प्रतीचं स्कॅन नेटवर फुकट आहे, मोठ्या स्क्रीनवर वाचत असाल तर पैसे घालू नका.