तीन फुटांच्या चौकटीत कोंबलेली युरोपची आधुनिक चित्रकला

सोलापुरात सध्या भरलेलं आधुनिक युरोपियन चित्रकलेचं प्रदर्शन प्रतिकृतींचं आहे, हे धरूनच जावं. मानेपासून पिकासोपर्यंतची चाळीसेक चित्रं कॅनव्हासवर छापून लावली आहेत. सुरुवात १८६३ ला, शेवट १९३७ ला. क्रम चांगला लावलाय, एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीकडे जाताना चित्रकला कुठे वळली ते कळतं. पण छपाई करताना प्रत्येक चित्राची रुंदी सरसकट तीन फूट धरली आहे, आणि सगळ्यात मोठं नुकसान तिथेच झालंय.

दालीचं वितळत्या घड्याळांचं चित्र (१९३१) मुळात २४ बाय ३३ सेंटिमीटरचं, ए-फोर कागदाहून जरासंच मोठं. इथे ते जवळजवळ तिप्पट फुगवलंय. वाकून, जवळ जाऊन पाहायची कारागिरी पसरट झाली. पिकासोच्या ‘गेर्निका’चं (१९३७) नेमकं उलटं. मूळ चित्र साडेपंचवीस फूट रुंद आणि साडेअकरा फूट उंच. पाच बाय साडेसातच्या पाच सोलापुरी चादरी शेजारी शेजारी उभ्या टांगल्या तर रुंदी भरते. उंचीला वर आणखी अर्धी चादर लागते. माणूस त्या चित्राखाली उभा राहतो. इथे किंचाळणाऱ्या घोड्याचं डोकं तळहातात मावेल एवढं उरलंय. उपाय स्वस्त होता: रिकाम्या भिंतीवर रंगीत चिकटपट्टीने मूळ आकाराची चौकट आखायची. निदान प्रत्येक पाटीवर सेंटिमीटर तरी हवे होते, तेही नाहीत.

या हिशेबाचा सगळ्यात वाईट फटका बसलाय जॉर्ज सराला. ‘ग्रांद जात’ बेटावरची रविवारची दुपार त्याने १८८४ ते १८८६ मध्ये रंगवली. मूळ कॅनव्हास म्हणजे जवळपास दोन चादरी शेजारी शेजारी. सरा रंगांचे बारीक ठिपके शेजारी शेजारी ठेवून चित्र रंगवायचा, हाच बिंदुवाद. ते चित्र एक तृतीयांशाहून लहान केल्यावर त्याचा ठिपका प्रिंटरच्या ठिपक्यातच विरघळतो, आणि बिंदुवादाच्या पाटीखाली बिंदूच दिसत नाहीत. चित्राच्या एक फूट चौरस तुकड्याची मूळ मापातली छपाई शेजारी लावली असती तरी भागलं असतं.

सराच्या मागचं शास्त्र तर थेट कापडातून आलेलं. पॅरिसच्या गोबलँ या राजाश्रयाच्या विणकामशाळेत शेव्रल हा रसायनशास्त्रज्ञ रंगाई खात्याचा प्रमुख होता. काळा रंग फिका पडतो, अशी तक्रार त्याच्याकडे आली. तपासल्यावर कळलं, रंग ठीक होता; काळी लोकर निळ्या-जांभळ्या लोकरीशेजारी विणल्यामुळे ती फिकी भासत होती. त्यावर त्याने १८३९ मध्ये ग्रंथ लिहिला आणि पुढे सराने त्याचा अभ्यास केला. जॅकार्ड चादरीत काळ्या पट्ट्याशेजारचा लाल आणि पांढऱ्याशेजारचा लाल एकाच सुताचा असूनही वेगळा दिसतो, तीच ही गोष्ट. मागावर बसणाऱ्या आणि डिझाइन काढणाऱ्या माणसांच्या या शहरात शेव्रलचं नाव एकाही पाटीवर नसावं, याचं फार वाईट वाटतं.

तीन फुटांचा हिशेब एका ठिकाणी मात्र फळलाय. व्हॅन गॉगच्या आर्लमधल्या शयनगृहाचं पहिलं चित्र (१८८८) मुळातच ७२ बाय ९१ सेंटिमीटर, म्हणजे बरोबर तीन फूट रुंद. पलंग, दोन खुर्च्या, पुढे सरकत येणारी जमीन, सगळं खऱ्या मापात. रंगाचा जाड थर छपाईत सपाट होतो, त्याला इलाज नाही. पाटीवर मात्र ‘निळ्या भिंतींमुळे शांतता’ असं लिहिलंय. व्हॅन गॉगने भावाला लिहिलेल्या पत्रात भिंती फिक्या जांभळ्या आहेत. त्या जांभळ्यातला लाल उजेडाने उडाला आणि निळा मागे राहिला. रंग कच्चा निघाला, असं आपण कापडाबद्दल म्हणतो तसंच.

आणखी एक चूक लगेच सुधारावी. ‘गवतावरची न्याहारी’ (१८६३) या चित्राखाली मोनेचं नाव आहे. ते मानेचं. सलोंने, म्हणजे पॅरिसच्या अधिकृत चित्रप्रदर्शनाने, नाकारल्यावर ते त्याच वर्षी नाकारलेल्यांच्या प्रदर्शनात लागलं. मोनेनेही याच नावाचं चित्र नंतर केलं, त्यातून घोळ झाला असावा. शिवाय सेझानवरून थेट पिकासोच्या १९०७ च्या पाच स्त्रियांच्या चित्रावर उडी आहे. मधला १९०५ चा मातिस, म्हणजे भडक, मोकळ्या रंगांचा सगळा रंगभारवाद (फॉव्हिझम), गायब. सेझानचं सफरचंदांच्या टोपलीचं चित्र मात्र चुकवू नका: टेबलाची डावी कड आणि उजवी कड कापडाखालून जुळत नाहीत, पट्टी धरल्यासारखी नजर फिरवून बघा. एकच वस्तू अनेक कोनांतून एकदम दाखवणारा घनवाद (क्युबिझम) तिथून सुरू होतो.

उजेडाची व्यवस्था कच्ची आहे. चकचकीत लॅमिनेशन आणि डोक्यावर पांढऱ्या ट्यूब, त्यामुळे समोर उभं राहिलं की चित्राआधी ट्यूबच दिसते. एक पाऊल डावीकडे सरकून तिरकं पाहिलं की चमक जाते. अशा ६५०० केल्विनच्या (केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा जास्त तितका उजेड निळसर) उजेडात तांबडे-नारिंगी मलूल होतात. ४००० च्या आसपासचे, रंग नीट दाखवणारे दिवे ओळंब्यापासून (सरळ उभ्या रेषेपासून) तीस अंशांवर लावले आणि लॅमिनेशन मॅट घेतलं तर हाच संच कितीतरी खुलेल. चित्रांचा मध्य जमिनीपासून दीड मीटरवर हवा. इथे बराच वर आहे, शाळेच्या मुलांना मान उंचावावी लागते.

दीड तास काढून जा, दिवसा जा, खिडकीच्या बाजूला उजेड बरा असतो. मोजपट्टी सोबत ठेवा. मुलांना नेणार असाल तर आधी शयनगृहापुढे उभं करा, मग ए-फोर कागद दालीवर धरून दाखवा.