माशांच्या टँकसाठी ‘सायलेंट’ पंखे घेताय? माझे ७,४२९ रुपये कसे गेले ते वाचा

७,४२९ रुपये. फिशटँकच्या हूडमध्ये, म्हणजे झाकणात, लाइटशेजारी बसवायच्या चार पंख्यांपायी गेले. खरा आकडा घरात अजून कुणाला सांगितलेला नाही, सासऱ्यांना तर नाहीच. “माशांना कसले पंखे लावता जावईबापू” हे पुन्हा ऐकून घ्यायची ताकद नाही.

नाशिकची हवा थंड म्हणणाऱ्यांनी मे महिन्यात इंदिरानगरात वरच्या मजल्यावर राहून दाखवावं. बाहेर चाळीस अंश, हूडमध्ये कोंडलेली लाइटची धग, आणि टँकचं पाणी ३३ वर. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो, मासे वर येऊन तोंड उघडायला लागतात. पाण्यावरून वारं फिरलं की बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात. टँक हॉलमध्ये आहे आणि आई तिथेच झोपते, म्हणून पंखे बिनआवाजाचे हवे होते. यात माझी चैन कुठे आली?

मासेवाल्यांच्या ग्रुपवर जाहिरात आली. नावाजलेल्या कंपनीचे १२० मिमी, १२ व्होल्टचे पंखे, डबल बॉल बेअरिंग, १८ डेसिबल. नग १,१५०, म्हणजे चारचे ४,६००. स्पीड कंट्रोलर ६५०, कुरिअर १८०. एकूण ५,४३० आगाऊ, यूपीआयने. बिल मागितलं तर “पार्सलमध्ये टाकतो सर”. बिल आधी फोटोवर घ्या, जीएसटी नंबर तपासा, मगच पैसे सोडा. मी चौकशी केली नाही असं कुणी म्हणू नये. चालू पंख्याचा व्हिडिओसुद्धा मागवला होता.

तो व्हिडिओच मला अजून झोपू देत नाही. पंखा फिरतोय, समोर कागद फडफडतोय, आणि मागे ढोल-ताशा! आवाज नाही म्हणून विकायची वस्तू, आणि तिच्या व्हिडिओवर ढोल-ताशा! मी तो हेडफोन लावून पाहिला. वर लेबलही स्वच्छ दिसत होतं, ०.३० अँपिअर. १२ व्होल्टला ३.६ वॅट झाले. मंद फिरणारा शांत पंखा याच्या निम्मंही खात नाही. पण त्याच सकाळी एक मासा मेला होता. अशा वेळी गुणाकार कोण करत बसतं?

पंखे लावले आणि हॉलमध्ये पिठाची गिरणी सुरू झाली. कंट्रोलरने वेग कमी केला तर दोन पंखे सुरूच होईनात. सातपूरच्या रिवाइंडिंगवाल्याने स्टिकर सोलला. खाली दुसऱ्याच कंपनीचा स्टिकर, आणि आत बॉल बेअरिंगऐवजी बुश, म्हणजे तेलावर फिरणारी साधी नळी. “बुशवाला आहे साहेब. आडवा बसवला की तेल लवकर सुकतं, मग खडखडणारच.” हूडमध्ये पंखा आडवाच बसतो. तेव्हा बॉल बेअरिंग किंवा फ्लुइड बेअरिंगच घ्या, दुकानात जाऊन, चालू करून, कानाला लावून. आणि तो बाहेरची कोरडी हवा आत ढकलेल असा बसवा, नाहीतर टँकची वाफ चांगल्या पंख्यालाही गंजवते.

विक्रेता म्हणाला, बदलून देतो, पिकअपचं डिपॉझिट १,९९९, परत मिळेल. भरले. ५,४३० अडकलेले असताना १,९९९ मोठे वाटत नाहीत, या लोकांचा धंदा त्यावरच चालतो. त्यानंतर फोन बंद.

आता सरकारी पाहुणचार. पोलीस ठाण्यात, “वस्तू मिळाली ना? मग फसवणूक कसली?” दुसऱ्या टेबलावर, “हे सायबरचं.” सायबरवाले म्हणाले, ग्राहक आयोगात जा. एकाने तर “माशांना पंखा?” म्हणत शेजारच्याला बोलावून माझी तक्रार पुन्हा वाचायला लावली. बँकेत काचेपलीकडून उत्तर, “पिन तुम्हीच टाकला ना?” हो, मीच टाकला! चोराने टाकला असता तर तुम्ही कोणता दिवा लावणार होता? आयोगात जायचं तर समोरच्याचा पत्ता लागतो, आणि पार्सलवरचा पत्ता खोटा. तो शोधायचा कुणी? मी. रजा टाकून. झेरॉक्सही माझ्याच पैशाने.

पैसे गेल्यागेल्या, त्याच तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. मी आधी विक्रेत्याच्या विनवण्या करत बसलो. पार्सल फोडताना अखंड व्हिडिओ काढा. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला जिल्हा आयोगात फी नाही, मुदत दोन वर्षं.

ढोल-ताशावाला तोच व्हिडिओ पाहून आणखी कुणी पैसे भरले असतील तर स्क्रीनशॉट आणि कुरिअरची पावती जपून ठेवा आणि मला कळवा. आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार करता येते. अर्ज मी लिहून ठेवलाय, फक्त नावं हवीत.